सासरचें गोत्र आणि सासरचें राष्ट्र

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरचें एखादें तरी मूल आज परदेशीं आहे. त्यामुळें पुढील हकीकत आमच्या घरची असली तरी ती सांगण्यास आम्हांस संकोच वाटत नाहीं.

अंधेरीस पूर्वेच्या बाजूस आमचें बिऱ्हाड आहे. जुनी दुमजली चाळ पाडून तेथें आतां उंच इमारत झाली. पण एकाच मजल्यावर लागून दोन जागा घेऊन आम्ही दोघे बंधु, अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या मातोश्री आणि मुलेंबाळें अद्याप एकाच स्वयंपाकघरांत जेवतों. धाकट्या बंधूंची कन्या लग्न होऊन अमेरिकेस गेली. जांवई मूळचे डोंबिवलीचे. शिक्षणासाठीं तिकडे गेले आणि तेथील सैन्यांत दाखल झाले. अमेरिकन सैन्यानें २००९ पासून २०१६ पर्यंत एक योजना चालविली होती. तींत हिंदीसारख्या त्यांच्या उपयोगाच्या भाषा जाणणाऱ्या परदेशीय तरुणांस कायम वास्तव्याचा परवाना नसतांहि भरती करून घेत, आणि सेवेच्या बळावर त्यांस नागरिकत्व लवकर मिळे. सोयरीक ठरतांना 'मुलगा सैन्यांत आहे' हें ऐकून मातोश्रींनीं पहिला प्रश्न केला तो 'कोणाच्या?' असा. त्या वेळीं सर्व मंडळी हंसली होती.

सध्यां जांवयांची नेमणूक जर्मनींत कैझर्सलाउटर्न येथें आहे. त्या भागांत अमेरिकन फौजेची मोठी वसाहतच आहे. मुलगी त्यांच्याबरोबर तेथेंच राहते. म्हणजे पासपोर्ट भारताचा, कायम वास्तव्याचें ग्रीन कार्ड अमेरिकेचें आणि संसार जर्मनींत, अशी तिची त्रिस्थळी यात्रा चालली आहे. गेल्या माघांत तिनें दूरध्वनीवर विचारलें, "अण्णा, मी अमेरिकेच्या नागरिकत्वासाठीं अर्ज करूं का?" आम्हीं तत्काळ "नको" म्हटलें. शिक्षकाची जुनी खोड. प्रश्न पुरा ऐकण्यापूर्वींच उत्तर तयार.

तिच्या सासूबाईंचें मत नेमकें उलट पडलें. मुलगी दिली, गोत्र बदललें, नांव बदललें. मग राष्ट्र बदललें तर बिघडलें काय? हें म्हणणें वाटतें तितकें भोळें नाहीं. जगांतल्या मोठमोठ्या देशांचे कायदे कित्येक वर्षें हेंच म्हणत होते. ब्रिटिश साम्राज्याच्या १८७० च्या आणि पुढें १९१४ च्या कायद्याप्रमाणें पत्नीचें राष्ट्रीयत्व पतीच्या मागून जाई. अमेरिकेनें १९०७ मध्यें तोच नियम केला. १९२२ च्या केबल कायद्यानें तो पुष्कळसा सैल झाला. परंतु वर्णामुळें ज्यास नागरिक होतांच येत नाहीं अशा परकीयाशीं लग्न करणाऱ्या अमेरिकन स्त्रीचें नागरिकत्व त्यानंतरहि कांहीं वर्षें जात असे.

याची झळ सखाराम गणेश पंडित नांवाच्या एका हिंदी गृहस्थांस लागली. हे लॉस एंजेलिस येथें वकिली करीत. त्यांस १९१४ मध्यें अमेरिकेचें नागरिकत्व मिळालें होतें व त्यांची पत्नी अमेरिकन होती. भगतसिंग थिंड यांचा प्रसिद्ध खटला १९२३ मध्यें तेथील सर्वोच्च न्यायालयांत चालला, त्यांत थिंड यांची बाजू या पंडितांनींच मांडली. थिंड पहिल्या महायुद्धांत अमेरिकन सैन्यांत होते; तरीहि हिंदी मनुष्य कायद्याच्या अर्थानें 'गोरा' नव्हे असें ठरवून न्यायालयानें त्यांस नागरिकत्व नाकारलें. मग सरकार पंडितांच्या मागें लागलें. पंडितांनीं न्यायालयास सांगितलें कीं, या नागरिकत्वाच्या भरंवशावर आपण वकिली पत्करली, घर केलें, लग्न केलें; तें काढून घेतलें तर पत्नीचेंहि जाईल. १९२६ मध्यें ते जिंकले. थिंड यांस मात्र माजी सैनिकांसाठीं झालेल्या निराळ्या कायद्याचा आधार घेऊन १९३६ मध्यें नागरिकत्व मिळालें. सरसकट हिंदी माणसांस तें दार १९४६ मध्यें उघडलें, आणि तेव्हांहि वर्षाकाठीं येणाऱ्यांची संख्या शंभर ठरविलेली होती. एक सैनिक आणि एक वकिलाची पत्नी, दोघांचीहि गोष्ट आमच्या मुलीच्या प्रश्नाशीं इतकी लागून आहे हें आम्हांस हा विषय चाळूं लागेपर्यंत ठाऊक नव्हतें.

आपल्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्यानें लग्नास या भानगडींतून वेगळें काढलें. परकीयाशीं लग्न केल्यानें भारतीय स्त्रीचें नागरिकत्व जात नाहीं. जातें तें नवव्या कलमानें, म्हणजे तिनें स्वेच्छेनें दुसऱ्या देशाचें नागरिकत्व घेतलें तर. आम्ही त्या 'स्वेच्छेनें' या शब्दाशीं बराच वेळ थांबलों. कन्यादानांत दान पिता करतो, मुलगी कांहीं बोलत नाहीं. येथें अर्ज तिचा, सही तिची, परीक्षा तिची आणि शपथहि तिचीच. तेव्हां आमच्या 'नको'स जितका अधिकार, तितकाच तिच्या सासूबाईंच्या 'बिघडलें काय'स.

एवढें कळल्यावर आम्ही नियम वाचावयास बसलों. लघुकौमुदी शिकवीत आयुष्य गेलें असल्यामुळें उत्सर्ग आणि अपवाद यांची आम्हांस गोडी आहे, आणि अमेरिकन कायद्याची रचनाहि तशीच निघाली. सामान्य नियम असा कीं, ग्रीन कार्ड मिळाल्यावर पांच वर्षें अमेरिकेंत काढावीं. अपवाद असा कीं, पति नागरिक असून तीन वर्षें सहवास असेल तर तीन वर्षें पुरेत. आमच्या मुलीची अडचण उघड होती. वर्षभर अमेरिकेंत राहून ती पतीच्या मागें जर्मनीस आलेली; मग तिचीं वर्षें कशीं भरावयाचीं?

यास दोन वाटा आहेत आणि दोहोंत फरक मोठा आहे. पतीची परदेशांतील नेमणूक किमान एक वर्षाची असेल तर पत्नीस वर्षांची अटच राहत नाहीं. ग्रीन कार्ड असलें कीं अर्ज करतां येतो. मात्र मुलाखतीस आणि शपथेस अमेरिकेंत हजर राहावें लागतें, आणि पतीबरोबर परदेशीं राहूं व नेमणूक संपतांच अमेरिकेस परतूं असें सांगावें लागतें. दुसरी वाट २००८ च्या जानेवारींत झालेल्या एका कायद्यानें केवळ सैनिकांच्या पतिपत्नींसाठीं उघडली. सैन्याच्या लेखी हुकुमांत पत्नीस बरोबर राहण्याची परवानगी असेल तर परदेशांत पतीबरोबर काढलेले दिवस अमेरिकेंतच काढले असें धरतात. मग तीन वर्षें जर्मनींतच भरतात आणि मुलाखत व शपथहि अमेरिकेबाहेर होऊं शकते. म्हणून नेमणुकीच्या हुकुमावर पत्नीचें नांव आहे कीं नाहीं हें पहिल्या दिवशींच पाहावें. आमच्या जांवयांनीं तें पाहिलें होतें. सैनिक माणूस कागदाला जपतो. अर्ज तीन वर्षें पुरीं होण्याच्या नव्वद दिवस आधीं देतां येतो. सैनिकास स्वतःच्या अर्जाची फी नाहीं, पण पत्नीस आहे. २०२४ च्या एप्रिलपासून ती संगणकावरून भरल्यास ७१० डॉलर झाली. इतिहास व राज्यव्यवस्था यांची तोंडी परीक्षाहि असते. २०२५ च्या ऑक्टोबरनंतर अर्ज करणाऱ्यांस १२८ प्रश्नांची तयारी करावी लागते. त्यांतले वीसपर्यंत विचारतात, बारा बरोबर यावे लागतात. आमच्या मुलीस याची भीति नाहीं. नागरिकशास्त्र तिला आम्हींच शिकविलें आहे.

खरी पंचाईत नांवाची झाली. तिचा जन्मदाखला बारशापूर्वीं नोंदलेला, त्यामुळें त्यावर नांवाची जागा रिकामी. तें नांव घालून घेण्यास आम्हीं ग्रीन कार्डाच्या वेळींच एका कचेरींत चार खेपा घातल्या होत्या. दर खेपेस नवा कागद आठवे. पुढें लग्नांत सासरच्या मंडळींनीं तांदुळांत अंगठीनें नवें नांव लिहिलें. पासपोर्टांत माहेरचें नांव व मधें वडिलांचें. विवाहाच्या दाखल्यांत नवें नांव व मधें पतीचें. बँकेंत तिसराच मेळ. अमेरिकन अर्ज विचारतो कीं, जन्मापासून आजवर कोणकोणतीं नांवें वापरलीं तीं सर्व लिहा. ज्या समाजांत मुलगी सासरीं जातांना नखशिखांत नांव बदलून जाते, त्या समाजास हा रकाना फारच लहान आहे. ज्यांच्या घरीं लग्न ठरत असेल त्यांनीं हौसेनें तांदुळांत जें लिहावयाचें तें लिहावें, परंतु सरकारी कागदांवर एकच नांव चालवावें, असें आमचें आग्रहाचें सांगणें आहे.

आतां इकडची बाजू. दोन देशांचें नागरिकत्व एकाच वेळीं ठेवण्यास भारत परवानगी देत नाहीं. शपथ झाली कीं भारतीय पासपोर्टावर प्रवास करणें गुन्हा ठरतो. तो वकिलातींत देऊन रद्द करून घ्यावा लागतो. त्यानंतर 'ओ.सी.आय.' नांवाचें कार्ड मिळतें. त्यावर आयुष्यभर व्हिसावांचून येतां येतें, राहतां येतें, घर घेतां येतें. पण मत देतां येत नाहीं आणि शेतजमीन किंवा बाग विकत घेतां येत नाहीं. आमच्या बंधूंचा जीव येथेंच अडकला होता. राजापूरजवळ आमचीं हापुसाचीं कलमें आहेत आणि त्यांत या मुलीचा वांटा आहे. वारसानें आलेली शेतजमीन अशा कार्डवाल्यास ठेवतां येते, हें जाणत्या वकिलाकडून कळलें तेव्हां त्यांस रात्रीं झोंप आली. एक गोष्ट मात्र आम्हांसहि नवी होती. परदेशच्या सैन्यांत असलेल्या वा तेथून निवृत्त झालेल्या माणसास हें कार्ड देत नाहींत. म्हणजे पत्नी कार्डावर अंधेरीस येईल आणि डोंबिवलीचे जांवई दर खेपेस व्हिसा काढून.

राहिलें मत. कोणी म्हणेल कीं, परदेशीं राहणाऱ्या मुलीच्या मताचें काय एवढें? परदेशस्थ नागरिकास मतदारयादींत नांव घालण्याचा हक्क २०१० च्या दुरुस्तीनें मिळाला आहे; मात्र मत येथें येऊनच द्यावें लागतें. २०२४ च्या लोकसभेच्या निवडणुकींत आमची अंधेरी ज्या वायव्य मुंबई मतदारसंघांत मोडते तेथील निकाल अवघ्या ४८ मतांनीं लागला. आमच्या एका इमारतींत त्याहून अधिक मतदार आहेत. हें आम्हीं मुलीस सांगितलें आणि मनांत म्हटलें कीं, आतां ती बोलणार नाहीं.

ती थोडा वेळ बोलली नाहींच. मग म्हणाली, "अण्णा, ह्यांची बदली कोठेंहि होते. ह्यांचे कागद आठ दिवसांत होतात, माझा व्हिसा मागाहून येतो. आणि ह्यांना कोठें पाठविलें आणि उद्यां कांहीं झालें, तर मी जर्मनींत कोणाची म्हणून राहूं?" तिनें तो शब्द उच्चारला नाहीं, आम्हींहि नाहीं. सेवेंत असतां सैनिक मृत्यु पावला तर त्याच्या पत्नीच्या नागरिकत्वासाठीं त्या कायद्यांत निराळें कलम आहे. तें आमच्या वाचनांत आलेलें होतें आणि तें पान आम्हीं घाईनें उलटलें होतें. ज्यांनीं कायदा केला त्यांनीं ही वेळ धरून ठेवली होती, मुलीनें धरली होती. घरच्या वडील माणसांनीं तेवढी धरली नव्हती.

शपथेचें शल्य आमच्या मनांतून गेलेलें नाहीं. परक्या राज्याविषयींची सर्व निष्ठा सोडली, असें तींत मोठ्यानें म्हणावें लागतें, आणि तें परकें राज्य म्हणजे येथें आपला देश. कायद्यानें सांगितल्यास शस्त्र धरण्याचेंहि वचन आहे. धर्मबुद्धीनें ज्यांस तें नको त्यांस त्यांतून सूट मिळते. मुलगी म्हणते कीं, ती हें वाक्य दहा वेळां वाचून बसली आहे. आम्हीं तिला सूट घेण्याविषयीं सुचविलें नाहीं. तें तिचें तिनें पाहावें.

मातोश्रींचें म्हणणें सर्वांत शेवटीं निघालें. त्यांनीं दोन्ही पासपोर्टांचीं चित्रें पाहिलीं. दोन्ही निळेच. "रंग तर तोच आहे," म्हणाल्या, "पण दुसरें पुस्तक हातीं येईपर्यंत तिला येतां येईल ना?" या प्रश्नानेंच वाट ठरली. शपथेनंतर नवा पासपोर्ट, जुना रद्द करणें, मग कार्ड किंवा व्हिसा, यांत आठवडे जातात, कधीं महिने. आणि अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या बाईस कोणी महिन्यांचा वायदा देऊं नये. अमेरिकेस जाऊन चटकन शपथ घेण्याची पहिली वाट मुलीनें सोडली. तीन वर्षें जर्मनींतच पुरीं करावयाचीं आणि अर्ज पुढच्या चैत्राच्या सुमारास द्यावयाचा, असें ठरलें आहे. त्याआधीं भाद्रपदांत गणपतीस ती हातच्या पासपोर्टावरच येते आहे. तिकीट काढलें आहे. बंधूंनीं सर्व दाखल्यांच्या तीन तीन प्रती करून ठेवल्या आहेत, आणि नांवांची यादी आम्ही अजून लिहीत आहों.