विश्लेषण : दिवाळीची भेट मैत्रीला जड का होते? वर्ध्याच्या मातीत कोणते स्वस्त पर्याय आहेत?

दिवाळी जवळ आली की मित्रमंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन प्रश्न हमखास येतात. 'कधी भेटायचं?' आणि 'यंदा काय द्यायचं?' पहिल्या प्रश्नाला सगळे उत्तर देतात. दुसऱ्यावर काही जण गप्प बसतात. वर्धा जिल्ह्यात ही गप्पगिरी समजण्यासारखी आहे. सोयाबीन नुकतेच घरात आलेले असते, कपाशीची पहिली वेचणी सुरू असते, आणि हाती आलेला पैसा कृषी केंद्राची उधारी व मजुरी यांतच संपतो. त्याच ग्रुपमध्ये पुण्याला नोकरी करणारा मित्र असतो, हिंगणघाटला दुकान चालवणारी मैत्रीण असते आणि स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा, अजून कमाई सुरू न झालेलाही असतो. सगळ्यांना झेपेल आणि घेणाऱ्याला खरोखर आवडेल अशी भेट कशी ठरवावी, याचा हा आढावा.

भेट महाग असली तर जास्त आवडते का?

देणाऱ्याला तसे वाटते, घेणाऱ्याला मात्र फारसे वाटत नाही. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातील फ्रान्सिस फ्लिन आणि गॅब्रिएल ॲडम्स यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात हेच दिसले. देणारे गृहीत धरतात, की किंमत वाढली की कौतुकही वाढेल. घेणाऱ्यांच्या कौतुकाचा किमतीशी तसा संबंध आढळला नाही. फ्लिन यांनी फ्रान्चेस्का जीनो यांच्यासोबत २०११ मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली. घेणाऱ्याने स्वतः मागितलेली वस्तू त्याला जास्त आवडते. देणाऱ्याला मात्र आपण मनाने शोधलेली 'सरप्राइज' भेट सरस वाटते.

अर्थशास्त्रज्ञ जोएल वॉल्डफोगेल यांनी १९९३ मध्ये नाताळच्या भेटींचा हिशेब मांडला होता. विद्यार्थ्यांना मिळालेल्या भेटींची त्यांच्या स्वतःच्या लेखी असलेली किंमत ही बाजारातील किमतीपेक्षा एक दशांश ते एक तृतीयांशाने कमी भरली. म्हणजे तेवढा पैसा कोणाच्याच कामी आला नाही. यात एक दिलासा देणारी बाब होती. मित्रांकडून आलेल्या भेटींत ही घट सर्वांत कमी होती आणि दूरच्या नातेवाईकांकडून आलेल्या भेटींत जास्त. कारण उघड आहे. मित्राला आपल्या गरजा माहीत असतात.

मग भेटीचे ओझे कशामुळे होते?

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मोस यांनी १९२५ मध्ये भेटवस्तूंवर लिहिलेल्या प्रसिद्ध निबंधात तीन बंधने सांगितली : देण्याचे, घेण्याचे आणि परत करण्याचे. आपल्याकडे याला 'उतराई होणे' म्हणतात. मित्राने दीड हजारांचा ड्रायफ्रूटचा डबा दिला, की आपणही तेवढ्याच तोलाचे काही द्यायला हवे, असा दबाव येतो. ज्याला ते झेपत नाही तो मित्र कारण सांगून भेटायचेच टाळतो. एक-दोन वर्षे असे झाले, की तो ग्रुपमधून हळूहळू तुटतो. नुकसान होते ते इथे. महागड्या डब्यातले बदाम संपतात. तुटलेला मित्र परत जोडायला मात्र वेळ लागतो.

भेटीच्या ओझ्याचे एक ठळक उदाहरण सेवाग्रामशी नाते असलेल्या माणसाचेच आहे. १९०१ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून निघताना गांधीजींना निरोप म्हणून सोन्याचे व हिऱ्यांचे दागिने मिळाले. ते ठेवावेत की नाही, यावर घरात वाद झाला. कस्तुरबांना ते सुनांसाठी ठेवायचे होते. अखेर गांधीजींनी त्या दागिन्यांचा लोकसेवेसाठी विश्वस्त निधी केला. हा प्रसंग त्यांनी आत्मकथेत सविस्तर लिहिला आहे. त्याच गांधीजींनी १९४७ मध्ये ब्रिटनच्या राजकन्या एलिझाबेथ यांच्या लग्नाला जी भेट पाठवली, ती स्वतः कातलेल्या सुतापासून तयार केलेले एक वस्त्र होते. त्यावर 'जय हिंद' विणलेले होते. त्या भेटीत पैसा नगण्य होता. देणाऱ्याचे हात आणि वेळ होता.

आपल्या रिवाजांत स्वस्त भेटी नव्हत्या का?

होत्या, आणि आजही आहेत. दसऱ्याला आपट्याचे पान देऊन 'सोनं घ्या' म्हणणे ही तर बिनखर्चाची भेट. गावातील मालक आणि मजूर, दोघांच्याही हातात तेच पान असते. कोणाचे सोने कमी-जास्त होत नाही. मात्र त्यासाठी फांद्याच्या फांद्या तोडल्या जातात, हेही खरे. एका माणसाला एक पान पुरते.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी विदर्भात तान्हा पोळा भरतो. मुले लाकडी बैल सजवून घरोघरी फिरतात आणि त्यांना 'बोजारा' मिळतो. सेलू तालुक्यातील सिंदी (रेल्वे) येथील तान्हा पोळा मोठमोठ्या लाकडी बैलांसाठी प्रसिद्ध आहे. बोजारा म्हणजे थोडे पैसे, खाऊ किंवा छोटी वस्तू. ती किती रुपयांची, हे मूल विचारत नाही.

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत बायका एकमेकींकडे वाण लुटायला जातात. पूर्वीच्या वाणात बोरे, हरभऱ्याचे घाटे, उसाची कांडी, गाजर, तिळगूळ असे शेतातले आणि घरातलेच असायचे. पुढे प्लास्टिकचे डबे, गाळण्या, स्टीलच्या वाट्या आल्या आणि 'तिने काय लुटले' याची तुलना सुरू झाली. या रिवाजाची मूळ युक्ती मात्र शहाणपणाची आहे. सगळ्यांना एकच वस्तू, लहानशी, रोजच्या वापरातली.

याच रिवाजाची एक काळी बाजू आहे. विधवा मैत्रिणीला हळदी-कुंकवाला बोलावले जात नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसे आवाहन केले. तुमच्या मैत्रिणींच्या गटात कोणी अशी एकटी पडली असेल, तर तिला मानाने बोलावून वाण देणे ही यंदाची सर्वांत मोलाची भेट ठरेल. त्याला पैसे लागत नाहीत.

वर्धा जिल्ह्यात देण्यासारखे काय मिळते?

खेड्यात तयार होणारी वस्तू विकत घ्यावी, या विचाराचे वर्धा हे जुने केंद्र. अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ १९३४ मध्ये इथेच सुरू झाला. ग्रामोद्योगांचे दर्शन घडवणाऱ्या मगन संग्रहालयाचे उद्घाटन गांधीजींच्या हस्ते ३० डिसेंबर १९३८ रोजी झाले. त्यामुळे इथल्या माणसाला भेटीसाठी ऑनलाइन शोधत बसण्याची गरज नाही.

वायगावची हळद : समुद्रपूर तालुक्यातील वायगाव परिसरातील हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. गडद रंग आणि त्यातील कुरकुमीन यासाठी ती ओळखली जाते. हळदीची काढणी साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये होते. त्यामुळे दिवाळीत मिळते ती मागच्या हंगामाची. दळल्याची तारीख विचारून घ्या. पावशेर हळद आणि वर एक हाताने लिहिलेली चिठ्ठी, एवढे पुरे. पुण्या-मुंबईच्या मित्राला पाठवायला हलकी, आणि फुटायची-सांडायची भीती कमी.

गोरसपाक : गाईच्या तुपातला हा खुसखुशीत पदार्थ वर्ध्याची ओळख आहे. बाहेरगावी राहणाऱ्या वर्धेकराला यापेक्षा वेगळी मिठाई नको असते.

खादी : एक रुमाल, टॉवेल किंवा पंचा बजेटमध्ये बसतो. वर्ध्यातील मगन संग्रहालय आणि गोपुरीतील ग्रामसेवा मंडळ ही यासाठीची जुनी ठिकाणे. इतर दुकानातून घेताना 'खादी मार्क' पाहून घ्या.

संत्री : आर्वी, आष्टी, कारंजा भागात आंबिया बहाराची संत्री दिवाळीच्या सुमारास येते. ओळखीच्या शेतकऱ्याकडून थेट एक क्रेट घेऊन चार मित्रांत वाटता येते. फळ ताजे, आणि पैसा शेतकऱ्याच्या हातात.

बचत गटाचा फराळ : तालुक्याच्या गावी दिवाळीआधी महिला बचत गटांचे स्टॉल लागतात. पणत्या, उटणे, चिवडा, शेव तिथे मिळते. घरचाच फराळ द्यायचा असेल तर त्यात कमीपणा नाही.

मिठाई सुटी घेणार असाल तर एक नियम लक्षात ठेवा. १ ऑक्टोबर २०२० पासून दुकानदाराने सुट्या मिठाईसमोरही 'कधीपर्यंत खावी' ती तारीख लावणे बंधनकारक आहे. आणि आणखी एक. जिल्ह्यात दारूबंदी आहे. नागपूरहून 'भेट' म्हणून बाटली आणणे देणाऱ्याला आणि घेणाऱ्यालाही अडचणीत टाकू शकते.

ग्रुपमध्ये खर्च कसा आवरायचा?

साधे गणित करा. आठ मित्र आहेत आणि प्रत्येकाने उरलेल्या सातही जणांना ३०० रुपयांची भेट दिली, तर एकाचा खर्च २,१०० रुपये. एकूण भेटी ५६ आणि एकूण खर्च १६,८०० रुपये. त्याऐवजी चिठ्ठी काढली आणि प्रत्येकाने एकालाच भेट दिली, तर भेटी फक्त आठ. मर्यादा ३०० ऐवजी ५०० केली तरी एकूण खर्च ४,००० रुपयांवर थांबतो, आणि प्रत्येकाला सात किरकोळ वस्तूंऐवजी एक चांगली वस्तू मिळते.

चिठ्ठ्या काढताना एक अडचण येते. आठ जणांनी चिठ्ठ्या उचलल्या तर कोणाला ना कोणाला स्वतःचेच नाव येण्याची शक्यता सुमारे ६३ टक्के असते. सोपा उपाय असा. ग्रुपबाहेरच्या एकाला, म्हणजे कोणाच्या तरी बहिणीला किंवा मुलाला, आठही नावांच्या चिठ्ठ्या मिसळून एका ओळीत लावायला सांगा. पहिल्याने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला आणि शेवटच्याने पहिल्याला द्यायचे. ज्याचे नाव त्याला खासगी मेसेजने कळवायचे. स्वतःचे नाव कोणालाच येत नाही आणि गुपितही राहते.

सोबत प्रत्येकाने ग्रुपवर आपल्याला चालतील अशा तीन वस्तू लिहाव्यात. मागितलेली भेट जास्त आवडते, हे आपण वर पाहिलेच.

खिशात पैसेच नसतील तर?

वेळ आणि हुन्नर द्या. पण 'कधीही सांग' असे मोघम नको; तारीख आणि काम ठरवून द्या. काही उदाहरणे : वेचणीच्या दिवसांत मित्राच्या वावरात एक दिवस हातभार. त्याच्या आईला सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात तपासणीसाठी नेऊन परत आणणे. मैत्रिणीच्या मुलाला चार रविवार गणित शिकवणे. शाळा-कॉलेजचे जुने फोटो मोबाइलवर नीट स्कॅन करून, तारखा आणि नावांसह पाठवणे. तिला हवा असलेला दिवाळी अंक आपण आधी वाचून मग तिला देणे.

या सगळ्याला हाताने लिहिलेल्या पाच-सहा ओळी जोडा. तयार शुभेच्छांचे चित्र फॉरवर्ड करण्यापेक्षा, 'परीक्षेच्या वेळी तू डबा आणून द्यायचास' असे एक खरे वाक्य जास्त दिवस लक्षात राहते.

फॉरवर्डचाच विषय निघाला म्हणून सावधगिरीची एक गोष्ट. 'दिवाळीनिमित्त मोफत भेट, ही लिंक २० जणांना पाठवा' असे संदेश मित्राच्या नंबरवरून आले तरी उघडू नका. माहिती किंवा पैसे उकळण्यासाठी ते वापरले जातात. खरी भेट देणारा ओटीपी मागत नाही.

'यंदा भेटी नकोत' हे कसे सांगायचे?

लवकर आणि सरळ. खरेदी झाल्यावर सांगितले तर समोरच्याला अपमान वाटतो. नमुन्यादाखल असा संदेश पाठवता येईल : 'यंदा आपण वस्तू द्यायच्या नाहीत असं ठरवू या. भाऊबीजेनंतरच्या रविवारी पवनारला धाम नदीवर भेटू. प्रत्येकाने घरून एक फराळाचा डबा आणायचा.' कोणी तरीही भेट घेऊन आले, तर मनापासून घ्या. त्याच तोलाची परतफेड करण्याची घाई करू नका. ती केली की स्पर्धा पुन्हा सुरू होते.

हा संदेश कोणी पाठवावा, हेही महत्त्वाचे. ज्याची अडचण आहे त्याने तो पाठवला तर त्याला स्वतःची परिस्थिती उघडी करावी लागते. म्हणून मर्यादा सुचवण्याचे काम ग्रुपमध्ये ज्याची कमाई सर्वांत बरी आहे त्याने करावे. '३०० रुपयांच्या वर कोणी जायचं नाही' हे वाक्य त्याच्याकडून आले, की गप्प बसलेले दोघे-तिघे लगेच 'हो' म्हणतात आणि दिवाळीला भेटायलाही येतात.