मुदतपूर्व बाळ घरी आल्यानंतर मातेला लागणारा आधार : मध्य मुंबईच्या संदर्भात

प्रस्तावना

गर्भधारणेचे ३७ आठवडे पूर्ण होण्यापूर्वी जन्मलेल्या बालकास मुदतपूर्व बालक असे म्हणतात. अशा बालकांच्या शुश्रूषेची मोठी परंपरा परळ परिसरास लाभली आहे. के. ई. एम. रुग्णालय व नौरोसजी वाडिया प्रसूतिगृह ही दोन्ही १९२६ साली सुरू झाली. १९२९ मध्ये बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालय उभे राहिले. नजीकच्या शीव येथे लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ मध्ये डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने मातृदुग्धपेढी स्थापन झाली. ती आशियातील पहिली मानली जाते. मात्र बाळ ‘पेटीतून’ बाहेर येऊन घरी गेले की, डॉक्टर, परिचारिका व यंत्रे यांनी वाटून घेतलेले काम एकट्या मातेवर येते. हा भार कोणता व तो कोणी वाटून घ्यावा, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

घरी आल्यानंतरचे काम

मुदतपूर्व बाळास ओढून पिण्याची ताकद कमी असते. त्यामुळे दर दोन-तीन तासांनी, रात्रीही, दूध काढून ते वाटी-चमच्याने अथवा बोंडल्याने पाजावे लागते. बाळाचे वजन साधारणतः अडीच किलो होईपर्यंत त्यास उघड्या छातीशी धरून ऊब देणे, म्हणजेच ‘कांगारू मदर केअर’, आवश्यक असते. ही पद्धती १९७८ मध्ये कोलंबियातील बोगोटा येथे सुरू झाली. लालबाग-परळच्या चाळीतील एका खोलीच्या घरात तिच्यासाठी लागणारा एकांत सहज मिळत नाही.

दोन हजार ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या किंवा ३४ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या बाळाच्या डोळ्यांच्या पडद्याची तपासणी जन्मानंतर चार आठवड्यांच्या आत व्हावी लागते. ती चुकल्यास टाळता येण्याजोगे अंधत्व येऊ शकते. बाळंतपणानंतर माता रत्नागिरी वा सिंधुदुर्गातील माहेरी गेल्यास नेमकी हीच तपासणी राहून जाण्याचा धोका असतो. शिवाय, लसीकरण प्रत्यक्ष जन्मतारखेनुसार होते. पण विकासाचे मोजमाप सुधारित वयानुसार करावे लागते. दोन महिने आधी जन्मलेले बाळ सहा महिन्यांचे झाले, तरी त्याच्याकडून चार महिन्यांच्या बाळाइतकीच अपेक्षा ठेवावी, हे मातेस कोणी समजावले नाही तर ती विनाकारण धास्तावते.

मातेचे मन

‘बाळ एवढेसे कसे?’, ‘दिवसांत काय खाल्लेस?’ असे प्रश्न बाळ पाहण्यास येणारे सहज विचारतात. आपल्याच हातून काही चुकले, ही भावना त्यातून दृढ होते. अतिदक्षता विभागातील दिवसांची भीतीही मनातून जात नाही. मुदतपूर्व बाळांच्या मातांमध्ये प्रसूतीनंतरच्या नैराश्याचे प्रमाण अधिक आढळते. तथापि पुढील भेटींत बाळाचे वजन होते. आईची झोप, आहार व मनःस्थिती यांची विचारपूस होईलच असे नाही. ती तितक्याच नेमाने होणे आवश्यक आहे.

आधाराचे मार्ग

पहिला आधार घरातलाच होय. वडील, आजी वा आत्या यांनाही बाळास छातीशी धरता येते. शेगडीची धुरी टाळणे, पाहुण्यांची वर्दळ थोपविणे व मातेस सलग झोप मिळू देणे, ही कुटुंबाची कामे आहेत. त्यांचे शिक्षण बाळ घरी सोडण्यापूर्वीच द्यावे लागते.

दुसरा आधार गृहभेटींचा. गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेच्या डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी गावातील स्त्रियांना प्रशिक्षण देऊन घरोघरी नवजात बालसेवा पोहोचविली. तेथील नवजात मृत्युदर साठ टक्क्यांहून अधिक घटल्याचे ‘द लॅन्सेट’मध्ये १९९९ साली प्रसिद्ध झाले. २०११ पासून ‘आशा’ कार्यकर्तींमार्फत अशा भेटी देशभर सुरू झाल्या. रुग्णालयात प्रसूती झाल्यास ४२ व्या दिवसापर्यंत सहा भेटी अपेक्षित असतात. परंतु मुदतपूर्व बाळाचे यांपैकी बरेच दिवस रुग्णालयातच जाऊ शकतात. म्हणून त्याच्या बाबतीत भेटी घरी आल्याच्या दिवसापासून मोजल्या जाणे आणि त्याची सूचना वस्तीतील आरोग्य केंद्रास वेळेवर मिळणे महत्त्वाचे ठरते. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२२ मध्ये गृहभेटी व कुटुंबास अतिरिक्त साहाय्य यांची शिफारस केली.

तिसरा आधार रजेचा. गिरणी कामगार स्त्रियांच्या काळात, १९२९ साली, मुंबई प्रांताने प्रसूती लाभाचा कायदा केला. त्या विधेयकास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी विधिमंडळात पाठिंबा दिला होता. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी ही रजा २६ आठवड्यांची झाली. मुदतपूर्व प्रसूतीमुळे माता आजारी पडल्यास आणखी एक महिना मिळू शकतो. मात्र ही तरतूद मातेच्या आजाराशी निगडित आहे. बाळ अशक्त असले, तरी तेवढ्याने ती लागू होत नाही. घरकाम करणारी स्त्री वा तासिका तत्त्वावरील अध्यापिका यांच्यासाठी तर काम थांबले की मिळकत थांबते.

समारोप

मुदतपूर्व बाळाचे जगणे रुग्णालयात सुरक्षित होते, पण त्याचे वाढणे घरात, मातेच्या बळावर घडते. रुग्णालयाने घरी सोडताना दिलेल्या कागदावर पुढील तपासणीच्या तारखेबरोबरच मातेकडे कोण, कधी जाणार, याचीही नोंद असावी. समाजकार्य, परिचर्या व गृहविज्ञान या विद्याशाखांना या कामात स्पष्ट स्थान आहे. महाविद्यालयांनीही रुजू होणाऱ्या अशा मातेस वेळापत्रकात सवलत व दूध काढण्यासाठी एक बंद खोली उपलब्ध करून दिल्यास या कार्याचा आरंभ आपल्याच आवारातून होईल.