मधमाशीच्या पोटातले सोबती

कोषातून नुकतीच बाहेर पडलेली कामकरी मधमाशी जवळजवळ निर्जंतुक असते. पुढच्या काही दिवसांत पोळ्यावर, बहिणींच्या संगतीत वावरताना तिच्या आतड्यात जिवाणू वस्तीला येतात. आपल्याकडे पेट्यांत पाळतात त्या मेलिफेरा माशीत त्यांचे मुख्य गट जेमतेम आठ-नऊ. गिलियामेला परागकणांच्या आवरणातलं पेक्टिन फोडतो. स्नॉडग्रासेला आतड्याच्या अस्तराला चिकटून थर धरतो.

या वस्तीला धक्का लागला तर काय होतं, हे टेक्सास विद्यापीठातल्या नॅन्सी मोरान यांच्या गटाने 2018 मध्ये दाखवलं. त्यांनी तपासलं ते तणनाशक, ग्लायफोसेट. ते वनस्पतींमधलं एक विकर बंद पाडतं. प्राण्यांत ते विकर नसतंच, म्हणून माशीला धोका नाही असं मानलं जाई. पण माशीच्या आतड्यातल्या बहुतेक जिवाणूंत ते असतं! ग्लायफोसेट पोटात गेलेल्या माश्यांत स्नॉडग्रासेला सर्वाधिक घटला. मग सेरेशिया या रोगजंतूशी गाठ घालून दिली. आठ दिवसांनी निरोगी आतड्याच्या सुमारे निम्म्या माश्या जिवंत होत्या, तणनाशक पोटात गेलेल्यांपैकी जेमतेम एक दशांश.

कीटकनाशकांचा मार्ग वेगळा. कापसावर सर्रास वापरलं जाणारं इमिडाक्लोप्रिड माशीच्या मज्जासंस्थेवर घाला घालतं. याच प्रयोगशाळेतल्या चाचणीत त्याने माश्या अधिक मेल्या, पण आतड्यातले जिवाणू ढळले नाहीत. त्याच कुळातल्या थायामेथोक्झामची मात्रा माशीला मारण्याइतकी नसली तरी तिला घरची वाट सापडेनाशी होते, हे फ्रान्समध्ये 2012 मध्ये दिसलं. युरोपीय संघाने 2018 मध्ये या दोन्ही औषधांचा उघड्या शेतातला वापर बंद केला.

‘औषधाने माशी लगेच मेली का’ एवढाच प्रश्न विचारणं, म्हणून, माझ्या मते चूक आहे. वाट चुकलेली किंवा आठवड्याने रोगाने गेलेली माशी त्या उत्तरात दिसतच नाही. नोंदणीच्या चाचण्यांत जिवाणूंची तपासणीही हवी.

कांद्याचं बियाणं धरायला आणि सूर्यफुलाचे दाणे भरायला माशीच लागते. तेव्हा शेतकरी मित्रांनो, पीक फुलोऱ्यात असताना फवारणी टाळा. टळत नसेल तर माश्या घरी परतल्यावर, संध्याकाळी करा. आणि शेजारी मधपेट्या असतील तर पेटीवाल्याला आदल्या दिवशीच कळवा.