दुखत नाही, मग दात दाखवायचे कशाला? स्केलिंगने दात खरंच सैल होतात का?

दाढ ठणकू लागली की आधी लवंग, मग पेनकिलर. तरीही रात्रभर डोळा लागला नाही, की सकाळी दातांचा दवाखाना. अनेकांची दातांच्या डॉक्टरांशी पहिली भेट अशीच होते. तोवर साध्या फिलिंगची वेळ बहुधा निघून गेलेली असते. रूट कॅनल करावं लागतं किंवा दाढ काढावी लागते. दुखत नसताना दात का तपासायचे, याचं उत्तर दाताच्या रचनेतच आहे.

दुखणं उशिरा का सुरू होतं?

दाताचं वरचं कवच म्हणजे इनॅमल. शरीरातला हा सर्वांत कठीण भाग, पण त्यात नसा नसतात. त्यामुळे कीड तिथे असेपर्यंत काहीच जाणवत नाही. ती आतल्या डेंटिनपर्यंत गेली की थंड किंवा गोड खाताना दात शिवशिवतात. त्याच्याही आत, नस असलेल्या भागापर्यंत पोहोचली की ठणका लागतो. दोन दातांमधली कीड तर आरशात दिसतही नाही. ती अनेकदा एक्स-रेमध्येच सापडते.

हिरड्यांचा आजारही बराच काळ न दुखता वाढतो. ब्रश करताना रक्त येणं ही त्याची पहिली खूण. सिगारेट ओढणाऱ्यांच्या हिरड्यांतून रक्त कमी येतं, त्यामुळे त्यांच्यात ही खूणही झाकली जाते.

रोज ब्रश करूनही स्केलिंग का?

दातांवर जंतूंचा चिकट थर सतत साचतो. तो ब्रशने निघतो. पण राहून गेलेला थर लाळेतल्या कॅल्शियमसारख्या क्षारांमुळे काही दिवसांत कडक होतो. हेच टार्टर. ते ब्रशने निघत नाही. स्केलिंगच्या यंत्राचं टोक अतिशय वेगाने कंप पावतं आणि टार्टर सुटतं. सोबतच्या पाण्यामुळे दात तापत नाही.

स्केलिंगने दात हलतात का?

ही भीती घरोघरी आहे. खरं कारण वेगळं. टार्टरमुळे हिरडी सुजते, खाली सरकते आणि दाताला धरणारं हाड झिजतं. मधल्या फटी मात्र टार्टरने बुजलेल्या असतात. ते काढलं की आधीच पडलेली फट दिसते आणि आधीच सैल झालेला दात हलल्यासारखा वाटतो. काही दिवस दात शिवशिवतात, ते बहुधा आपोआप थांबतं. मात्र स्केलिंग म्हणजे दात पांढरे करणं नव्हे. दाताचा मूळ रंग त्याने बदलत नाही.

दर सहा महिन्यांनी जायलाच हवं का?

सर्वांसाठी एकच नियम नाही. ब्रिटनमधील ‘नाइस’ या संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढांसाठी हे अंतर धोक्यानुसार ३ ते २४ महिने, तर १८ वर्षांखालील मुलांसाठी ३ ते १२ महिने असू शकतं. नियमित तपासणी करणाऱ्या, हिरड्या निरोगी असलेल्या प्रौढांना ठरावीक काळाने केलेल्या स्केलिंगचा फारसा जादा फायदा दिसत नाही, असं २०१८च्या कॉक्रेन आढाव्यात आढळलं. म्हणून आधी तपासणी, मग गरज असेल तर स्केलिंग.

मधुमेहींनी मात्र अंतर कमी ठेवावं. साखर वाढली की हिरड्या बिघडतात आणि हिरड्या बिघडल्या की साखर आटोक्यात ठेवणं अवघड जातं.

मिश्री, तंबाखू, गुटखा घेणाऱ्यांनी काय करावं?

मिश्रीने दात स्वच्छ होतात, हा गैरसमज आहे, तीही तंबाखूच. तपासणीत डॉक्टर गाल, जीभ आणि जिभेखालचा भागही पाहतात. पांढरा किंवा लाल चट्टा, तोंड पूर्ण न उघडणं किंवा दोन आठवड्यांत न भरलेलं तोंडातलं व्रण दिसल्यास पुढच्या तपासणीची वाट पाहू नका.

जाण्यापूर्वी हे लक्षात ठेवा

• रक्त पातळ करणारी गोळी, मधुमेह, गर्भारपण किंवा हृदयाची कृत्रिम झडप असल्यास डॉक्टरांना आधीच सांगा. गोळी मनाने बंद करू नका.
• खर्चाची अडचण असेल तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांच्या बाह्यरुग्ण विभागात तपासणी होते.
• निघताना एक प्रश्न नक्की विचारा : ‘माझ्या दातांसाठी पुढची तपासणी किती महिन्यांनी?’ मिळालेली तारीख लगेच मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये टाका.