प्रभात रोडच्या गल्लीत भाड्याने घर बघताय?
पुण्यात झाडीतली शांत जागा हवी असेल, तर प्रभात रोड आणि भांडारकर रोडच्या आतल्या गल्ल्या आधी पायी फिरा. वेताळ टेकडी जवळच. सकाळी चालणाऱ्यांना याहून सुख नाही! इमारती बऱ्याच जुन्या, लिफ्ट आहे का ते विचारून घ्या.

जागा शक्यतो पावसाळ्यात बघा. खिडकीला टेकलेलं झाड उन्हाळ्यात गारवा देतं, पण श्रावणात त्याच भिंतीला ओल धरते. कपाटामागे हात फिरवून बघाच.

आणि करार ११ महिन्यांचा असला, तरी लिव्ह अँड लायसन्सची नोंदणी महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार सक्तीची आहे. जबाबदारी घरमालकाची. घरबसल्या ऑनलाइन होते, त्यामुळे नुसत्या नोटरीवर भागवू नका.