अवखळ घोड्याचा लगाम

जोरकस आणि चुळबुळ्या घोड्याला लगाम कोणता द्यावा, असे विचारले की बहुतेकांचे उत्तर ठरलेले असते: कडक. हे उत्तर चुकीचे आहे, असे मला स्पष्ट म्हणावयाचे आहे. गवयाच्या मुलाने घोड्यांत कशाला तोंड घालावे, असे कोणी विचारील. आमचे वडील दरबारी गवई, आणि आमच्या बिऱ्हाडाला लागूनच बडोद्याच्या पागेत आयुष्य घालविलेले एक वृद्ध चाबूकस्वार राहत. त्यांना आम्ही मुले काकाच म्हणत असू. संध्याकाळची तालीम आटोपली की मी त्यांच्या ओट्यावर जाऊन बसे.

घोडा जोर करू लागला तर काका आधी लगामाला हात लावीत नसत, तोबरा पाहत. दाणा भरपूर आणि मेहनत थोडी असली की कोणताही काठेवाडी घोडा नाचणारच. मग दात पाहत. दाढांपुढे पुष्कळदा एक चिमुकला दात येतो, त्याला लोखंड लागले की जनावर मान झटकते. त्यानंतर खोगीर पाठीला कोठे टोचते काय, ते पाहत. एवढे झाल्यावर लगामाचा विचार.

लगामाचे लोखंड, ज्याला जुने लोक कडियाळे म्हणत, ते पुढचे दात आणि दाढा यांमधल्या रिकाम्या हिरडीवर बसते. तेथे पातळ कातडीखाली लगेच हाड असते. साध्या लगामात, म्हणजे स्नॅफलमध्ये, वाग ओढावी तेवढाच भार तोंडावर येतो. कर्ब लगामाला मात्र खाली दांड्या आणि हनुवटीखाली साखळी असते. दांडी कांबेच्या वर दोन इंच व खाली चार इंच असली, तर तरफेने साखळीवर ओढ दुपटीने पडते. हात कच्चा असला की घोडा दुखण्यापासून पळू लागतो, आणि दुखणे तर त्याच्या तोंडातच बसलेले!

खरी मेख पुढेच आहे. लगामावर भार टाकून ओढणाऱ्या घोड्याला सैल फिरणारी कडी बरी, कारण रेलायला त्याला टेकू मिळत नाही. चुळबुळ्याला उलट स्थिर कडी मानवते. लोखंड तोंडात हलले नाही की तो निवतो. दोन्ही खोडी एकाच जनावरात असल्या तर? माझ्या मते आधी चुळबुळ शमवावी. जोर पुष्कळदा तिच्यातूनच येतो. कांब एका सांध्याची नको, मध्ये गुळगुळीत तुकडा असलेली दोन सांध्यांची असावी, म्हणजे जिभेवर ती सारखी टेकते. जाड कांब नेहमीच सौम्य असते, हाही भ्रमच. लहान तोंडात जाड जिभेवर ती कोंडते. ओठांच्या दोन्ही बाजूंस पाव इंच कांब बाहेर दिसावी, ओठांच्या कोपऱ्याला एखाददुसरी सुरकुती पडावी, अधिक नको. एवढ्यानेही भागले नाही तरच कर्ब, आणि तोही शिकल्या हाती.

काटेरी लगाम मात्र कोणत्याही घोड्याला नको. प्राण्यांवरील क्रूरतेस आळा घालणाऱ्या १९६५ च्या नियमांनी तो वर्ज्य केलेला आहे. तरीही आपल्या वरातींत तो दिसतो, आणि त्या वराती आपल्याच घरच्या असतात. घोडी नाचते, पुढचे पाय टाकते, तोंडाला फेस येतो. पाहुण्यांना वाटते, काय रुबाबदार जनावर! वस्तुतः तिला त्रास होत असतो तो कानांचा. माणसाला वीस हजार कंपनांपर्यंतचा सूर कळतो, घोड्याला तेहतीस हजारांच्याही थोडा पुढचा. आपल्याला जिथे नुसती झांज ऐकू येते, तिथे तिला आणखी काय काय ऐकू येत असेल! त्यातून अगदी पाठीमागचे तिला दिसत नाही, आणि कधी कधी बँड नेमका तेथेच असतो. कानाची भीती तोंडात काटे घालून कशी जाणार?

ज्यांच्या घरी यंदा कार्य आहे, त्यांनी घोडी ठरवितानाच मालकाला लगाम उतरवून दाखवावयास सांगावे आणि कांबेवरून बोट फिरवून पाहावे. बोटाला टोचले तर दुसरी घोडी पाहावी. बँडवाल्यांना घोडीच्या पुढे चांगले पन्नास पावले चालावयास सांगावे, आणि फटाके वरात मांडवात पोहोचून नवरदेव खाली उतरल्यावर, घोडी दूर नेल्यानंतरच लावावेत.