त्वक्, तज आणि कूमारिन : औषधनिर्मितीतील एक दुर्लक्षित प्रश्न

मागील वर्षी पावसाळ्याच्या अखेरीस आमच्या चिकित्सालयात एक मध्यमवयीन मधुमेही रुग्ण अरुची आणि थकवा यांच्या तक्रारीने आले. यकृताच्या तपासण्यांमध्ये एसजीपीटी हा घटक प्राकृत मर्यादेच्या बराच वर गेलेला होता. मद्यपान नाही, कावीळ नाही, नवे औषध कोणतेही नाही. बऱ्याच चौकशीअंती कळले की, कोणाच्या तरी सांगण्यावरून ते चार महिने सकाळ-संध्याकाळ एकेक चहाचा चमचा दालचिनीचे चूर्ण मधातून घेत होते. चूर्ण बंद केल्यावर दीड महिन्यात तपासण्या पूर्ववत झाल्या. एका रुग्णावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, हे आम्ही जाणतो. तथापि त्यांनी आणून दाखविलेली साल जाड, कठीण आणि एकपदरी होती. अगदी तशीच साल आमच्या स्वतःच्या औषधशाळेच्या डब्यात कित्येक वर्षे ‘त्वक्’ या नावाने भरली जात होती, हेही त्याच दिवशी आमच्या ध्यानात आले.

भारतीय आयुर्वेदिक औषधिकोशाने त्वक् म्हणून मान्य केलेले द्रव्य म्हणजे सिनॅमोमम झेलॅनिकम या वृक्षाची अंतर्साल होय. घाऊक बाजारात दालचिनी म्हणून जे मिळते, ते बहुतांशी चीन, व्हिएतनाम व इंडोनेशिया येथून येणारे तज, अर्थात कॅशियावर्गीय वृक्षांची साल असते. गंध व चव जवळपास सारखी, किंमत मात्र पुष्कळ कमी. सुगंधाचे मुख्य घटक दोहोंत समान असल्याने हा बदल क्षम्य वाटतो. खरा भेद कूमारिन या द्रव्याच्या प्रमाणात आहे. तजाच्या एक ग्रॅम चूर्णात ते सरासरी सुमारे 3 मिलिग्रॅम असते, क्वचित त्याहून बरेच अधिक. खऱ्या त्वक्‌मध्ये ते अत्यल्प असते.

कूमारिन हे 1820 मध्ये टोंका नावाच्या दक्षिण अमेरिकी बीजापासून प्रथम वेगळे करण्यात आले. 1868 मध्ये पर्किन यांनी ते प्रयोगशाळेत तयार केले आणि 1882 च्या ‘फूजेर रोयाल’ या फ्रेंच अत्तरापासून सुगंध उद्योगाने त्याला आपलेसे केले. नुकत्याच कापलेल्या, वाळत घातलेल्या गवताचा जो गोड वास येतो, तो याचाच. खाद्यपदार्थांत व्हॅनिलाच्या जोडीला ते सर्रास वापरले जाई. प्राण्यांवरील प्रयोगांत यकृतास इजा आढळल्यावर 1954 मध्ये अमेरिकेने अन्नातील त्याच्या वापरावर बंदी घातली. आपल्याकडील 2011 च्या अन्नसुरक्षा नियमावलीतही कूमारिन, डायहायड्रोकूमारिन व टोंका बीज हे स्वादद्रव्य म्हणून निषिद्ध आहेत. अर्थात बाहेरून मिसळलेल्या कूमारिनला बंदी आहे, परंतु सालीबरोबर निसर्गतः येणारे कूमारिन स्वयंपाकघरात व औषधशाळेत येतच राहते.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. कूमारिन म्हणजे रक्त पातळ करणारे औषध, असे आमचे अनेक सहकारी मानतात. नामसाधर्म्यामुळे तसे वाटणे स्वाभाविक आहे. बुरशी लागलेल्या स्वीट क्लोव्हर या गवतात कूमारिनपासून डायकूमारॉल तयार होते, त्याने जनावरांना रक्तस्राव होतो आणि त्या संशोधनातूनच पुढे वॉरफॅरिन जन्मास आले, हे खरे. मात्र मूळ कूमारिनमध्ये तो गुण नाही. त्याची बाधा यकृतास आहे. बहुसंख्य माणसांत सीवायपी2ए6 या विकराच्या साहाय्याने त्याचे निरुपद्रवी रूपांतर होऊन ते मूत्रावाटे बाहेर पडते. उंदरांत हा मार्ग दुर्बळ असल्याने त्यांना इजा लवकर होते. माणसांतही काही व्यक्तींमध्ये हा विकर जन्मतःच मंद असतो. शिवाय यकृतविकाराची प्रवृत्ती असलेले काही रुग्ण तुलनेने अल्प मात्रेनेही बाधित होतात. असा रुग्ण बाहेरून ओळखता येत नाही. स्तनाच्या कर्करोगानंतर हाताला येणाऱ्या सुजेसाठी कूमारिन दररोज 400 मिलिग्रॅम देऊन पाहिलेल्या, 1999 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात 140 स्त्रियांपैकी 6 टक्के स्त्रियांच्या यकृतावर परिणाम दिसला. सुजेस मात्र लाभ झाला नाही.

युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2004 मध्ये दैनंदिन सह्य मात्रा शरीराच्या दर किलो वजनास 0.1 मिलिग्रॅम ठरविली व 2008 मध्ये ती कायम ठेवली. एक-दोन आठवडे तिप्पट मात्रा गेली तरी चिंतेचे कारण नाही, असेही त्यांनी नमूद केले आहे. आता आपल्या कल्पांचा हिशेब मांडू. सितोपलादि चूर्णात एकतीस भागांत त्वक् एक भाग. रुग्णाने दिवसाला 6 ग्रॅम चूर्ण घेतले तर त्यात त्वक् सुमारे 0.2 ग्रॅम, ते सर्वच्या सर्व तज असले तरी कूमारिन 0.6 मिलिग्रॅमच्या आत राहते. साठ किलोच्या माणसाची मर्यादा 6 मिलिग्रॅम आहे. तालीसादि चूर्णात तर त्वक् जेमतेम एक टक्का. म्हणून खोकल्यासाठी सितोपलादि घेणाऱ्या बालकाच्या मातेला भय दाखविण्याचे कारण नाही, आणि वृत्तपत्रांतील सनसनाटी मथळ्यांना आपण असेच उत्तर द्यावे.

प्रश्न एकल चूर्णाचा आहे. त्वक्‌ची औषधिकोशातील मात्रा 1 ते 3 ग्रॅम. तजाचे 3 ग्रॅम म्हणजे 9 मिलिग्रॅम कूमारिन. पाच-सात दिवस दिल्यास हरकत नाही, परंतु प्रमेही रुग्ण ते महिनोन् महिने घेतो, सोबत यकृतावर भार टाकणारी आधुनिक औषधेही घेत असतो. आमचा पूर्वोक्त रुग्ण दिवसाला सुमारे 15 मिलिग्रॅम घेत होता.

त्वचेचा विचारही थोडक्यात करावयास हवा. साबण, अत्तरे, सुगंधी तेले यांत कूमारिन आजही वापरले जाते. काहींना त्याची संपर्कजन्य अ‍ॅलर्जी असते. युरोपात 2003 मध्ये ज्या 26 सुगंधी द्रव्यांची नावे वेष्टनावर छापणे बंधनकारक झाले, त्यांत ते आहे. 2023 मध्ये ही यादी बरीच वाढविण्यात आली. सिद्ध तेलाला ‘ग्राहकांना आवडतो’ म्हणून बाहेरचा सुगंध घालणाऱ्या औषधनिर्मात्यांनी त्या सुगंधाच्या पुरवठादाराकडून घटकांची यादी लेखी घ्यावी. पामा-विचर्चिकेच्या रुग्णाला आपणच बाधक द्रव्य चोळून द्यावे, याहून लाजिरवाणे काय!

साल ओळखावी कशी? सिलोनची साल कागदासारखी पातळ, अनेक पदर एकमेकांत गुंडाळलेली, बोटाने सहज मोडणारी. तज जाड, एकपदरी, दोन्ही कडांनी आत वळलेले. सुटी, न वळलेली साल आली तर ही कसोटी अपुरी पडते आणि चूर्णाला तर ती लागूच होत नाही. चूर्णाच्या काढ्यात आयोडिनचा थेंब टाकल्यास तजाला गडद निळा रंग येतो; ही कसोटी स्थूल आहे. टीएलसी पट्टीवर पोटॅशियम हायड्रॉक्साइड फवारून 365 नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशात पाहिल्यास कूमारिनचा पट्टा हिरवट-पिवळा चमकतो. एवढी सोय बहुतेक जिल्ह्यांतील औषधनिर्माण महाविद्यालयांत असते.

आम्ही सध्या कोकणातील बागायतदारांकडून साल घेतो. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने ‘कोकण तेज’ हे खऱ्या दालचिनीचे वाण दिलेले आहे. ती महाग पडते, आणि आमच्या एका औषधविक्रेत्या मित्रांनी प्रांजळपणे विचारले, “वैद्यराज, गिऱ्हाईक हा फरक देईल का?” सितोपलादीच्या डब्यामागे त्वक्‌च्या भाववाढीचा भार एकतीसाव्या भागाएवढ्या द्रव्यावरच पडतो, हे आम्ही त्यांना कागदावर मांडून दाखविले. एकल चूर्णाच्या पाकिटाचे तसे नाही. तेथे सर्व भार गिऱ्हाइकावर पडतो. त्यांनी तूर्त तजाचे पाकीट ठेवले आहे, मात्र त्यावरील ‘त्वक् चूर्ण’ हे नाव काढून ‘तज’ असे छापले आहे.